सही एकाची, हात दोघांचे

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचं लेखी रूप)



आजचा विषय आहे राजा रविवर्मा. विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय, "म्हणजे ती सुगंधा का?" प्रश्न विचारणाऱ्यांचा दोष नाही. रणजित देसाईंची कादंबरी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातल्या कपाटात असेल. आपल्या शेजारच्या नवसारीत जन्मलेल्या केतन मेहतांनी त्या कादंबरीवर 'रंगरसिया' हा चित्रपट काढला, तो २०१४ साली थिएटरात आला. तेव्हापासून रविवर्मा म्हटलं की संकटात सापडलेला चित्रकार आणि त्याच्या आयुष्यात आलेली एक सुंदर स्त्री, एवढंच डोळ्यांसमोर येतं. कादंबरीकाराला आणि दिग्दर्शकाला ते स्वातंत्र्य असतं, त्यांनी ते घ्यावं. पण या चित्रकाराच्या वाईट दिवसांत त्याच्या सर्वांत जवळ कोण होतं, याचा लेखी पुरावा आहे. त्या माणसाबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. आज त्याच्याबद्दल बोलू.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. आम्ही कलेचे जाणकार नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलेली माणसं आम्ही. आमचा चित्रांशी संबंध येतो तो नकाशांपुरता. पण त्या नकाशांनी आम्हाला एक सवय लावली. कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की आमची नजर आधी उजवीकडे खालच्या कोपऱ्यात जाते. तिथे एक चौकट असते. कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं, सगळ्यांच्या सह्या त्या चौकटीत असतात. उद्या काही विचारायचं झालं तर माणूस सापडला पाहिजे, म्हणून ती चौकट. चित्राच्या कोपऱ्यात मात्र एकच सही असते. रविवर्म्यांच्या चित्रांच्या कोपऱ्यात ती चौकट असती, तर काय दिसलं असतं?

रविवर्म्यांचा जन्म १८४८ चा, केरळातल्या किळिमानूरचा. चौदा वर्षांचा असताना हा मुलगा त्रावणकोरच्या दरबारी गेला. आयिल्यम तिरुनाळ महाराजांचा त्याला आश्रय मिळाला. राजवाड्यात येणाऱ्या युरोपियन चित्रकाराचं काम बघत बघत तो तैलरंग शिकला. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं आणि नाव झालं. पण १८८० मध्ये महाराज वारले. गादीवर आलेल्या नव्या महाराजांशी काही जमेना. ज्या दरबाराच्या जोरावर उभं राहायचं, त्याच दरबारात पाय टिकेना. वय बत्तीस. बायको, मुलं, घराण्याचं नाव, आणि हातात कुंचला. नोकरदार माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. साहेब बदलला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

अशा वेळी त्यांनी त्रावणकोरबाहेर काम शोधायचं ठरवलं. बरोबर निघाला धाकटा भाऊ, सी. राजराज वर्मा. रविवर्म्यांपेक्षा बारा वर्षांनी लहान, म्हणजे तेव्हा विशीतला. तोही चित्रकार होता. त्याचा हात निसर्गचित्रात चांगला होता. झाडं, पाणी, डोंगर, संध्याकाळचं आकाश हा त्याचा प्रांत. भावाबरोबर निघालेला हा मुलगा पुढे वीसहून जास्त वर्षं भावाबरोबरच राहिला.

आता आपल्या भागाचा संबंध येतो. त्रावणकोरचे जुने दिवाण सर टी. माधवराव तेव्हा बडोद्याचे दिवाण होते. हे माधवराव कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. म्हणजे आपल्यासारखेच, मुलूख सोडून पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या मुलखात रुजलेले. त्यांच्या ओळखीने दोघे भाऊ बडोद्याला आले. १८८१ च्या अखेरीस सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभार आला, त्या सुमाराची ही गोष्ट. आपल्यापैकी काहींची घराणी त्याच गायकवाडांच्या चाकरीत इकडे आली. कामरेज, पलसाणा, महुवा हे आजचे सुरतेच्या आसपासचे तालुके तेव्हा बडोदा संस्थानच्या नवसारी प्रांतात होते. मुंबईहून बडोद्याला जाणारी गाडी तेव्हाही सुरतेवरूनच जायची. म्हणजे हे दोघे भाऊ आपल्या स्टेशनावरून कितीदा गेले असतील, विचार करा.

पुढे १८८८ मध्ये सयाजीरावांनी पुराणातल्या प्रसंगांवर चौदा चित्रं सांगितली. मोठं काम होतं. त्यासाठी दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानात हिंडले. कुठल्या प्रांतातल्या बायका कशा नेसतात, दागिने कसे घालतात, वाडे कसे, नदीचे काठ कसे, हे सगळं बघून आले. दमयंतीला काय नेसवायचं, सीतेला काय नेसवायचं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. देश एवढा मोठा, प्रत्येकाची सीता वेगळी. शेवटी त्यांच्या बऱ्याच नायिकांच्या अंगावर आपली महाराष्ट्रीय पद्धतीची साडी आली. आज बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात आणि महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रं बघायला मिळतात. शनिवार-रविवारी मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा आहे. सुरतेहून दोन-अडीच तासांचा रस्ता.

ती चित्रं पूर्ण झाली, लोकांनी गर्दी करून बघितली, पैसाही मिळाला. आणि १८९१ मध्ये रविवर्म्यांच्या पत्नी भगीरथीबाई वारल्या.

त्यांच्याबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. मावेलिक्करा इथल्या राजघराण्यातल्या त्या. त्यांच्याकडे मातृवंशाची रीत होती. लग्न झालं तरी बायको आपल्या आईच्या घराण्यातच राहायची, मुलंही त्याच घराण्याची. नवरा येऊन-जाऊन. त्यात हा नवरा बडोद्याला, मुंबईला, म्हैसूरला. पाच मुलं वाढवली ती भगीरथीबाईंनी. १८६६ ते १८९१, पंचवीस वर्षांचा संसार, आणि त्यातले एकत्र दिवस किती? रविवर्म्यांनी वाट बघणाऱ्या बायका फार सुंदर काढल्या. हंसाशी बोलणारी दमयंती काढली, दुष्यंताची आठवण काढणारी शकुंतला काढली. मावेलिक्कराला वाट बघणाऱ्या बाईची आठवण त्या चित्रांपुढे उभं राहिल्यावर आपण काढायला हवी. गावाकडे कुटुंब ठेवून उधना, पांडेसरा, लिंबायतच्या खोल्यांमधून राहणारे खानदेशातले आपले हजारो भाऊ आहेत. त्यांच्या घरच्यांना हे चित्रात बघायची गरज नाही.

पत्नी गेल्यानंतर तीन वर्षांनी, १८९४ मध्ये, रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. चित्रं छापून घरोघरी न्यावीत, ही कल्पना मुळात माधवरावांनी सुचवलेली. राजाच्या दिवाणखान्यातली लक्ष्मी सामान्य माणसाच्या देव्हाऱ्यात यावी, असा तो विचार. जर्मनीहून यंत्रं आली, तंत्रज्ञ आले. त्या काळी हे काम दगडावर व्हायचं. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर चित्र उलटं उतरवायचं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकावर एक रंग चढत जाणार आणि एखादा दगड केसभर जरी सरकला तरी देवीचा चेहरा बिघडणार. आपल्या सुरतेत साडीवर छापकाम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. एक स्क्रीन हलली की अख्खा ताका वाया. तसंच ते. पहिलं छापलेलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं होतं. मग सरस्वती आली, लक्ष्मी आली, गणपती आले.

या छापखान्याचा रोजचा कारभार बघायचा कोणी? राजराज वर्म्यांनी. चित्रं काढायला भाऊ, भावाच्या मागे पार्श्वभूमी रंगवायला हे, आणि कामगार, कागद, शाई, उधारी, भागीदार बघायलाही हेच.

आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला.

सुरतकरांना प्लेग हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९९४ च्या सप्टेंबरात गणपतींचं विसर्जन झालं आणि लगेचच आपल्या शहरात तो शब्द ऐकू आला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. स्टेशनवर उभं राहायला जागा नव्हती. तोंडाला रुमाल बांधून लोक मिळेल त्या गाडीत चढत होते. लूम्स बंद, हिऱ्याचे कारखाने बंद, दवाखान्यांना कुलपं. चार-दोन दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. त्या आठवड्यात प्रत्येक घराला एक गोष्ट कळली. संकट आलं की कोण निघून जातं आणि कोण थांबतं. निघून जाणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत, लेकराबाळांना घेऊन जाणं हाही शहाणपणाच होता. पण जे थांबले, ज्यांनी शेजारच्या म्हाताऱ्यांना डबा दिला, नळाला पाणी सोडलं, कचरा उचलला, त्यांचे चेहरे आपण विसरलेलो नाही.

मुंबईत शंभर वर्षांपूर्वी तेच झालं. कामगार गाव गाठायला लागले, गिऱ्हाईक घराबाहेर पडेना, छापखाना थंडावला. भागीदारी मोडली. कर्ज वाढलं. छापखाना मुंबईतून हलवून लोणावळ्याजवळ मळवलीला न्यावा लागला. पन्नाशीला आलेला, देशभर नाव झालेला चित्रकार, ज्याची चित्रं घराघरात पुजली जात होती, तो देणेकऱ्यांची तोंडं चुकवायच्या पाळीला आला. पुढे मधुमेहाने शरीरही पोखरलं. शेवटी १९०३ च्या सुमारास छापखाना तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकून टाकावा लागला. लक्ष्मीची चित्रं छापणाऱ्या माणसाकडे लक्ष्मी टिकली नाही, असं लोक म्हणतात. म्हणायला सोपं आहे.

या सगळ्या वर्षांत एक माणूस रोज रात्री वही उघडून लिहीत होता. राजराज वर्मा यांची इंग्रजी रोजनिशी १८९५ पासून सुमारे दहा वर्षांची आहे, आणि ती आता पुस्तकरूपाने छापलेली आहे. आम्ही सुरुवातीला लेखी पुरावा म्हणालो तो हा. रविवर्म्यांच्या या काळाबद्दल अभ्यासकांना जे खात्रीने सांगता येतं, त्यातलं बरंचसं या वहीतून आलेलं आहे. कुठल्या गावाला गेलो, कोणी बोलावलं, कोणतं चित्र कुठवर आलं, हे त्यात आहे. १९०१ मध्ये मेवाडच्या महाराणांच्या निमंत्रणावरून दोघे उदयपूरला गेले, महाराणा प्रतापांचं चित्र केलं. डोक्यावर कर्ज असताना, प्लेग आणि मधुमेह असताना, हे दोघे भाऊ गाडीत बसून पुढच्या कामाला निघत होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणसाच्या पडत्या काळात सर्वांत जवळचं नातं कोणतं? सिनेमा म्हणतो प्रेयसी. आम्हाला वाटतं, जवळीक मोजायची असेल तर एवढंच बघावं, की तुमची देणी कोणाला तोंडपाठ आहेत, तुमच्या औषधाची वेळ कोणाला माहीत आहे आणि तुमचं अर्धवट काम कोण हातात घेतं. रविवर्म्यांच्या बाबतीत तिन्ही ठिकाणी एकच माणूस दिसतो. पुढच्या वर्षांतली अनेक चित्रं दोघांनी मिळून केलेली आहेत. चेहरा, हात, दागिने मोठ्या भावाचे. मागचं आकाश, पाणी, झाडी बहुतेकदा धाकट्याची. कॅलेंडरवरची लक्ष्मी आठवा. कमळात उभी आहे, मागे पाणी आहे, हत्ती आहे, झाडी आहे. आपण हात जोडतो ते लक्ष्मीला. मागच्या पाण्याकडे कोणाचं लक्ष जातं? पण ते पाणी काढून टाका, लक्ष्मी उभी कशावर राहील?

जगात अशी आणखी एक जोडी याच काळात होती. व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि त्याचा धाकटा भाऊ थिओ. व्हिन्सेंटला रंग, कॅनव्हास, घरभाडं सगळं थिओ पुरवायचा. जुलै १८९० मध्ये व्हिन्सेंट गेला आणि सहा महिन्यांत, जानेवारी १८९१ मध्ये, थिओही गेला. थिओच्या विधवा पत्नीने, योहानाने, दोघा भावांची पत्रं जपली आणि १९१४ मध्ये छापून काढली, म्हणून जगाला थिओ कळला. आज दोघांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. आपल्याकडे उलटं झालं. आधार देणारा आधी गेला. म्हैसूर दरबाराचं मोठं काम हातात असतानाच राजराज वर्मा आजारी पडले आणि १९०५ च्या सुरुवातीला वारले. वय पंचेचाळीसच्या आत. रविवर्मा त्यानंतर दोन वर्षंही पुरी जगले नाहीत. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला त्यांचं निधन झालं. कागदोपत्री कारण मधुमेह. पण उजवा हात गेल्यावर माणूस किती दिवस कुंचला धरणार?

कोणी म्हणेल, भावाने भावासाठी केलं, त्यात विशेष काय? रामाला लक्ष्मण होताच की. हाच युक्तिवाद आम्हाला खटकतो. लक्ष्मण म्हटलं की आपण मोकळे होतो. त्याला नमस्कार केला की त्याने काय गमावलं हे विचारायची गरज उरत नाही. उर्मिलेला तर कोणी विचारलंच नाही. राजराज वर्मा हे स्वतः बक्षिसं मिळवलेले निसर्गचित्रकार होते. त्या काळात आपल्याकडे तैलरंगात निसर्गचित्र काढणारे होते किती? त्यांनी फक्त स्वतःची चित्रं काढली असती तर आज त्यांच्या नावाने एखादं दालन असतं. त्यांनी भावाच्या चित्रातलं पाणी रंगवलं. हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता, आणि त्याचा मान ठेवायचा तर त्याची किंमतही मोजायला हवी. रविवर्म्यांचं मोठेपण त्याने कणभरही कमी होत नाही. आमच्या ड्रॉइंगवर चार सह्या असल्या म्हणून पूल काही छोटा होत नाही.

मंडळी, हे सगळं आज गणपतीसमोर सांगायचं कारण आहे. आपण सुरतेत स्थिरावलेली माणसं. तीन पिढ्या, चार पिढ्या, काहींच्या त्याहून जास्त. आपल्या प्रत्येक घरात एक रविवर्मा आहे, ज्याच्या नावाने घर ओळखलं जातं. इंजिनीअर झालेला, डॉक्टर झालेला, मुलाला अमेरिकेत पाठवलेला. आणि प्रत्येक घरात एक राजराजही आहे. गावची जमीन बघायला मागे थांबलेला काका. धाकट्यांची शिक्षणं होईपर्यंत स्वतःचं लग्न पुढे ढकललेली आत्या. मिलमध्ये डबल पाळी करून पुतण्याची फी भरणारे मोठे बाबा. वाईट काळात हीच माणसं आपल्याला धरून होती. आणि घराण्याचा इतिहास सांगताना आपण पहिल्या वाक्यात यांनाच गाळतो.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. तुमच्या घरात जुन्या तसबिरी असतील. फ्रेम करणारे पूर्वी मागे तारीख लिहून द्यायचे. या उत्सवात एखादी तसबीर उतरवून पुसा, आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आपल्या घरातल्या राजराजचं नाव लिहून ठेवा. कोण, कुठला, काय केलं, दोन ओळी पुरेत. नातवंडं कधीतरी ती तसबीर उतरवतील तेव्हा वाचतील. जी माणसं अजून हयात आहेत, त्यांचं नाव मागे लिहून थांबू नका. त्यांना उद्याच्या आरतीला पुढे उभं करा, ताट त्यांच्या हातात द्या.

मंडळालाही एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी एक छोटी चौकट छापावी. मखर कोणी केलं, वायरिंग कोणी केलं, मोदक कोणी वळले, विसर्जनाच्या रात्री हॉल कोणी झाडला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात असते तशी. जागा फार लागणार नाही.

एवढं बोलून थांबतो. 

गणपती बाप्पा मोरया!